बॉल खोटा, ठोका खरा

प्रस्तावना

आपल्याकडे बहुतेकांची पिनबॉलशी ओळख झाली ती विंडोज एक्सपीच्या संगणकावर. ‘स्पेस कॅडेट’ नावाचं ते टेबल ऑफिसांत, सायबर कॅफेंत, शाळांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असंख्य लोकांनी खेळलं. झेडच्या कळीवर डावा फ्लिपर, तिरक्या रेघेच्या कळीवर उजवा आणि बॉल सोडायला स्पेसबार. खेळ उत्तम होता. पण ज्याने आयुष्यात तेवढाच पिनबॉल खेळला, त्याच्यापर्यंत या खेळाचा निम्मा भाग पोचलाच नाही. खऱ्या मशीनपाशी माणूस पेटीच्या दोन्ही कडा हातांत धरून उभा राहतो. काचेखाली साडेसहा अंशांच्या उतारावर २७ मिलिमीटर व्यासाचा, ८० ग्रॅम वजनाचा पोलादी बॉल प्लायवूडवरून घरंगळत असतो आणि त्याची घरघर तळहातांना कळत असते. फ्लिपर उडाला की मनगटाला ठोका बसतो. बॉल वरच्या बंपरांमध्ये अडकला की पेटीचं दूरचं टोक थरथरतं. बऱ्याचदा डोळ्यांच्या आधी हात सांगतात की बॉल आता कुठल्या बाजूने खाली येणार आहे.

घरी बांधलेलं व्हर्च्युअल पिनबॉल कॅबिनेट हा या दोन्हींच्या मधला प्रकार. खऱ्या मशीनच्या मापाची लाकडी पेटी, प्लेफील्डच्या जागी आडवा टीव्ही, उभ्या बॅकबॉक्समध्ये दुसरा पडदा आणि पोटात संगणक. रँडी डेव्हिस यांनी २००० साली आणलेला ‘व्हिज्युअल पिनबॉल’ हा प्रोग्राम टेबलाचं भौतिकशास्त्र सांभाळतो. मूळ मशीनच्या चिपमधला प्रोग्राम ‘पिनमेम’ चालवतो, त्यामुळे गुणांची मोजणी, दिव्यांचे क्रम, संगीत आणि संवाद मूळचेच राहतात. उरतो तो बॉल, आणि तो असतो प्रकाशाच्या ठिपक्यांचा. त्याला वजन नाही, तो कशावर आदळत नाही. हे पुस्तक त्या हरवलेल्या वजनाविषयी आहे. आवाज आणि कंप यांच्या साहाय्याने ते हातांना कसं परत मिळवून द्यायचं, एवढाच त्याचा विषय.

कॅबिनेट बांधायला बसलेले बहुतेक जण पैसा आणि जीव ओततात पडद्यावर. फोर-के हवा, १२० हर्ट्‌झ हवा, रंग गडद हवेत. सगळं जुळून आल्यावर बॅकबॉक्समध्ये संगणकाचे दोन स्पीकर बसतात आणि काम संपलं असं वाटतं. हा क्रम उलटा असावा, असं माझं ठाम मत आहे. साध्या टीव्हीवर चालणारं पण नीट ठोके देणारं कॅबिनेट तासन्‌तास खेळवतं. देखणं पण मुकं कॅबिनेट पाहुण्यांना दाखवण्यापुरतं उरतं.

कोणता आवाज कुठे बसवायचा, याचं उत्तर खऱ्या मशीनच्या इतिहासात आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. १९३१ साली शिकागोत डेव्हिड गॉटलीब यांनी ‘बॅफल बॉल’ विकायला काढला, तेव्हा त्यात वीज नव्हती. स्प्रिंग, खिळे आणि गोळ्या, एवढाच संसार. १९३३ मध्ये हॅरी विल्यम्स यांच्या ‘कॉन्टॅक्ट’मध्ये सोलेनॉइड आला : तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि आत सरकणारा लोखंडी दांडा. वीज मिळताच दांडा खेचला जातो. एक सोलेनॉइड खळग्यात पडलेल्या बॉलला बाहेर फेकायचा, दुसरा घंटी वाजवायचा. यंत्राने खेळाडूला कानांतून आणि हातांतून उत्तर देण्याची ही सुरुवात. १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने सहा फ्लिपर आणले आणि सोलेनॉइडचा तो दणका या खेळाची ओळखच होऊन बसला. हा दणका कुणी मुद्दाम रचलेला नव्हता. दांडा टोकाला जाऊन थांबतो, फ्लिपर रबरासकट बॉलवर आदळतो, लाकूड दचकतं, आणि हे सगळं मिळून तो आवाज होतो.

मग आले घंटांचे संच. दहा, शंभर, हजार गुणांना वेगवेगळ्या सुरांच्या धातूच्या पट्ट्या वाजायच्या, म्हणजे खेळाडूने मान वर न करता गुण कानांनी मोजावेत. फुकट डाव मिळाला की नॉकर नावाचा सोलेनॉइड असा जोरात आपटायचा की आसपासच्या मशीनवरचे लोक वळून बघायचे. १९७९ मध्ये विल्यम्स कंपनीच्या ‘गॉर्गार’ने बोलायला सुरुवात केली. त्याच्याकडे शब्द होते सात. सोबत हृदयाचे ठोके, जे डाव लांबला की वेग घ्यायचे. तिथून पुढे स्पीकरचं राज्य आलं. तरी मशीन घडवणाऱ्यांना शरीराचा विसर पडला नव्हता. पॅट लॉलर यांनी १९८९ च्या ‘अर्थशेकर’मध्ये मशीनच्या पोटात कंपन देणारी मोटर बसवली. भूकंपाच्या क्षणी अख्खी पेटी हातांत थरथरायची. पुढच्याच वर्षीच्या ‘व्हर्लविंड’मध्ये त्यांनी बॅकबॉक्सवर खराखुरा पंखा ठेवला. वादळ सुटलं की खेळाडूच्या तोंडावर वारा यायचा.

या इतिहासातून माझ्या कामाची वाटणी मला मिळाली. खऱ्या मशीनमध्ये आवाजांची दोन घराणी नांदतात. पहिलं कामाच्या आवाजाचं : बॉल घरंगळणं, फ्लिपर, बंपर, टार्गेट पडणं, नॉकर. हे सगळे काचेखालून, जिथे घटना घडते तिथूनच येतात आणि लाकडातून हातांपर्यंत पोचतात. दुसरं कार्यक्रमाच्या आवाजाचं : संगीत, संवाद, गुणांचे इलेक्ट्रॉनिक सूर. हे बॅकबॉक्सच्या स्पीकरमधून, समोरून आणि वरून येतात. संगणकाला हा भेद आपण होऊन कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही ध्वनीच आहेत, आणि मोकळं सोडलं तर तो दोन्ही एकाच स्पीकरजोडीत ओततो. नाटकात नट डाव्या विंगेपाशी उभा असावा आणि त्याचं वाक्य उजव्या खांबावरच्या भोंग्यातून यावं, तसा प्रकार होतो. शब्द कळतात, पण माणसावरचा विश्वास उडतो. फ्लिपर हातांखाली उडतो आणि आवाज कपाळासमोरून येतो, तेव्हा पडदा कितीही चांगला असो, समोर चाललंय ते चित्र आहे हे मेंदूला कळून चुकतं.

यावर शौकिनांनी काढलेला उपाय फार सुंदर आहे. सिनेमासाठी बनवलेलं ७.१ चॅनेलचं साउंड कार्ड घ्यायचं. पुढची जोडी बॅकबॉक्सच्या स्पीकरना द्यायची आणि बाजूची व मागची अशा दोन जोड्या प्लेफील्डच्या चार कोपऱ्यांना. त्याला सराउंड साउंड फीडबॅक किंवा नुसतं एसएसएफ म्हणतात. टेबलाच्या स्क्रिप्टमध्ये बॉल कुठे आहे हे प्रत्येक क्षणी माहीत असतं. त्यावरून डावं-उजवं आणि पुढचं-मागचं प्रमाण काढून आवाज चार कोपऱ्यांत वाटला जातो. बॉलच्या घरघरीची पातळी अनेक स्क्रिप्टमध्ये वेगाच्या वर्गावर ठरते : वेग दुप्पट झाला की पातळीचा आकडा चौपट. हळू येणारा बॉल जवळजवळ मुका, रॅम्पवरून सुटलेला बॉल गर्जत येतो. कोणतं टेबल कोणत्या जोडीला पुढचं टोक मानतं यात सेटिंगनुसार फरक पडतो. म्हणून जोडणी झाल्यावर एकेका कोपऱ्यात चाचणीचा आवाज सोडून, डोळे मिटून, हात ठेवून खात्री करावी. वायरी उलट लागल्या असतील तर कानांपेक्षा हातांना ते लवकर कळतं.

कोपऱ्यांत साधे स्पीकर लावायचे नाहीत, एक्सायटर लावायचे. एक्सायटर म्हणजे कोन, म्हणजे शंकू नसलेला स्पीकर. त्याची कॉइल ज्या फळीला चिकटवाल ती फळीच कोन होते. आवाज लाकडातून निघतो आणि त्याच लाकडावर खेळाडूचे हात टेकलेले असतात, म्हणजे ऐकणं आणि जाणवणं एकाच वस्तूतून होतं. पेटीच्या आतल्या बाजूला दोन एक्सायटर खेळाडूच्या हातांजवळ आणि दोन दूरच्या टोकाजवळ, ही रचना मला सगळ्यात विश्वासू वाटली आहे. जागा रंधून, धूळ पुसून, स्क्रूने किंवा पक्क्या चिकटपट्टीने बसवा. पकड सैल राहिली तर लाकूड गाण्याऐवजी खुळखुळतं. एक्सायटर फळीच्या बरोबर मध्यावर लावू नये, कारण तिथे काही स्वर फुगतात. आणि त्याच्याकडून खर्जाची अपेक्षा ठेवू नये. खालच्या स्वरांसाठी पेटीच्या तळाला एक बास शेकर किंवा सबवूफर हवा, आणि क्रॉसओव्हर लावून खर्ज तिकडे वळवायला हवा. नाहीतर बिचारे एक्सायटर जे जमत नाही ते करण्यात तापतात.

ज्याचं बजेट तुटपुंजं आहे त्याने इथे थांबलं तरी चालेल. चार एक्सायटर आणि एक शेकर, एवढ्यावर कॅबिनेटमध्ये जीव येतो, आवाज कमीजास्त करता येतो आणि बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. पण रेकॉर्ड केलेला ठोका आणि खरा ठोका यांत अंतर आहेच. ते मिटवायचं तर लोखंड हलायला हवं.

लोखंड हलवण्याचं काम ‘डायरेक्ट आउटपुट फ्रेमवर्क’ म्हणजे डीओएफ करतं. टेबलात बंपर उडाला की डीओएफ ती बातमी यूएसबीवरच्या कंट्रोलरला देतं आणि कंट्रोलर एक आउटपुट चालू करतो. त्या आउटपुटला कॉन्टॅक्टर, मोटर, दिवा, जे हवं ते लावा. प्रचलित मांडणीत दहा ठोके असतात : दोन फ्लिपर, दोन स्लिंगशॉट आणि मधल्या व मागच्या रांगेतले प्रत्येकी तीन बंपर. कंट्रोलर म्हणून एलईडी-विझ चालतो. त्याला ३२ आउटपुट आहेत, पण प्रत्येकाची मर्यादा ५०० मिलिअँपिअर, म्हणजे मोटरसाठी मध्ये मॉस्फेट किंवा रिलेची मदत लागते. माझा कल पिनस्केप या मुक्त प्रकल्पाकडे आहे. केएल२५झेड नावाच्या छोट्या बोर्डावर तो चालतो, आणि त्या बोर्डावरच अॅक्सेलरोमीटर असल्यामुळे खेळाडूने पेटीला दिलेला धक्काही मोजला जातो. म्हणजे कॅबिनेट स्पर्श देतं आणि स्पर्श घेतंही.

ठोक्यासाठी शौकीन कारखान्यांत मोटरी चालू-बंद करणारे कॉन्टॅक्टर वापरतात. २४ व्होल्टची कॉइल ओढली गेली की आतला लोखंडी भाग खाडकन बसतो, नेमकं तेच हवं असतं. त्यांचा मोठा गुण असा की त्यांची कॉइल सतत चालू राहण्यासाठीच बनवलेली असते. खेळाडू फ्लिपर उचलून बॉल झेलतो आणि कितीतरी वेळ बटण दाबून उभा राहतो. कॉन्टॅक्टरला त्याचं काही वाटत नाही. खऱ्या फ्लिपरच्या कॉइलला मात्र दोन वेटोळी असतात : एक जोरात खेचणारं, दुसरं कमी विजेवर धरून ठेवणारं. खरी पिनबॉल कॉइल हौसेने बसवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. नॉकरची कॉइल तर क्षणभराच्या कामासाठीच असते. प्रोग्राम अडकला आणि आउटपुट चालूच राहिलं, तर ती जळते. म्हणून कमाल वेळेची मर्यादा संगणकावर न सोपवता कंट्रोलरमध्येच घालावी. पिनस्केपमध्ये ती सोय आहे.

कॉन्टॅक्टर कुठे ठोकायचा? जिथे घटना घडते तिथे. डावा फ्लिपर डाव्या हाताजवळ, मागचे बंपर दूरच्या टोकाला, थेट लाकडात, मध्ये रबर न घालता. जागेच्या सोयीसाठी सगळे एका फळीवर ओळीने बसवलेले मी पाहिले आहेत. ठोके जोरदार बसतात, पण सगळे एकाच ठिकाणाहून, आणि मग चार कोपऱ्यांत वाटलेल्या आवाजाशी त्यांचं भांडण होतं.

दुसरं भांडण दुहेरी आवाजाचं. एक्सायटरमधून फ्लिपरचं रेकॉर्डिंग आणि त्याच वेळी कॉन्टॅक्टरचा खटका. व्हिज्युअल पिनबॉलमध्ये प्रत्येक वर्गासाठी निवड करता येते : नुसता ध्वनी, नुसतं डीओएफ किंवा दोन्ही. बरेच जण कॉन्टॅक्टर लावला की ध्वनी बंद करून टाकतात. मला ते पटत नाही. कॉन्टॅक्टरच्या खटक्यात धार असते, भरीवपणा नसतो. रेकॉर्डिंग अगदी दबक्या पातळीवर ठेवलं की ठोक्याला लाकडाचं अंग येतं. नॉकर आणि घंटा मात्र खऱ्या असतील तर त्यांची रेकॉर्डिंग बंदच करावीत.

कंपनाच्या मोटरबद्दल सगळ्यात जास्त संयम लागतो. डीसी मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन, एवढंच तिचं रहस्य. पूर्ण वेगाने सोडली तर बॅकबॉक्सचे स्क्रू ढिले होतात आणि त्याहून वाईट म्हणजे तो कंप अॅक्सेलरोमीटरला धक्क्यासारखा दिसतो. मग कुणी हात न लावता पडद्यावरचा बॉल उड्या मारतो, कधी टिल्ट होऊन तो बॉल बादही होतो. वेगाला वरची मर्यादा घाला, मोटर आणि कंट्रोलर पेटीच्या दोन वेगळ्या भागांत ठेवा आणि धक्क्याची संवेदनशीलता मोटर चालू असतानाच जुळवा. मोटर रोजच्या मसाल्यासारखी प्रत्येक घटनेला वापरायचा मोह होतो. ‘अर्थशेकर’मध्ये ती प्रभावी ठरली, कारण भूकंप हाच त्या टेबलाचा विषय होता. गिअरवाली मोटर, पंखा, फिरता दिवा यांच्यासाठी पुढे एकच छोटं प्रकरण दिलं आहे. ती शोभा आहे, पाया नव्हे.

वेळेचा प्रश्न जागेइतकाच नाजूक. ६० हर्ट्‌झच्या पडद्यावर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. टीव्हीने चित्र सुधारण्यासाठी आणखी काही चित्रं अडवून ठेवली तर डोळ्यांना दिसणारा फ्लिपर मागे पडतो. कॉन्टॅक्टरला हा फेरा नसतो, म्हणून हाताला ठोका आधी बसतो आणि फ्लिपर नंतर दिसतो. काही जण अशा वेळी ठोका उशिरा द्यायचा मार्ग शोधतात. तसं करू नका. खऱ्या मशीनमध्ये बटण आणि ठोका यांत उसंत नसते, तेव्हा इथे ठोकाच बरोबर आहे. टीव्ही गेम मोडवर टाका, चित्र सुधारणारी प्रत्येक सोय बंद करा. आणि ब्लूटूथचा स्पीकर कितीही सोयीचा वाटला तरी कॅबिनेटमध्ये वायरीच हव्यात.

आता विजेचं, आणि हे नीट वाचा. पेटीत २३० व्होल्ट फक्त एसएमपीएस या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या तोंडापर्यंत यावेत, झाकलेले, अर्थिंगसह. पुढे सगळं १२ आणि २४ व्होल्टचं. कॉइल बंद होताना उलट दाबाची लाट फेकते. ती कंट्रोलर मारते किंवा यूएसबी तोडते. प्रत्येक कॉइलवर तिच्याच टोकांपाशी १एन४००७ जातीचा एक डायोड, पट्टीची बाजू धन टोकाकडे. काही रुपयांचा हा तुकडा महागडा बोर्ड वाचवतो. प्रत्येक शाखेला फ्यूज. ठोक्यांच्या आणि ध्वनीच्या वायरी एकत्र बांधायच्या नाहीत, अॅम्प्लिफायरचा पुरवठा वेगळा ठेवायचा. नाहीतर फ्लिपर उडाला की बॅकबॉक्समध्ये टिकटिक ऐकू येते आणि लोक साउंड कार्डाला दोष देतात.

सामान मिळवणं आपल्याकडे वाटतं तितकं अवघड नाही. एसएमपीएस, मॉस्फेट, डायोड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. कॉन्टॅक्टर लोहार चाळीतल्या इलेक्ट्रिकल दुकानांत. गाडीच्या वायपरची जुनी मोटर गिअर मोटर म्हणून उत्तम चालते. एक्सायटर आणि पिनबॉलच्या मूळ कॉइल मात्र बहुधा बाहेरूनच मागवाव्या लागतात.

अमेरिकेतल्या शौकिनाचं कॅबिनेट अनेकदा तळघरात किंवा गॅरेजमध्ये असतं. आपलं असणार चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, खालच्या घराच्या छतावर. ठोके हवेतून कमी आणि स्लॅबमधून जास्त उतरतात. पायांखाली घट्ट रबराचे तुकडे घाला. मऊ फोम नको, त्याने पेटी डुलते आणि धक्क्याचं मोजमाप बिघडतं. पिनस्केपमध्ये नाइट मोड आहे : एका बटणाने गोंगाट करणारी आउटपुट बंद होतात, दिवे चालू राहतात. ते बटण पेटीच्या बाहेर, हाताला येईल असं बसवा. रात्री दहानंतर एक्सायटरवरचा खेळही पुरेसा आनंद देतो, आणि शेजाऱ्याची झोप ही या छंदाच्या खर्चातली पहिली रक्कम धरली पाहिजे.

पुस्तकाचा क्रम मी लाकडापासून सुरू केला आहे, मग एक्सायटर, मग कॉन्टॅक्टर, मग मोटर. प्रत्येक टप्प्यानंतर तीन टेबलं खेळून पाहावीत असं सुचवलं आहे. आधी घंटांच्या काळातलं एखादं जुनं टेबल, ज्यात संगीत नाही आणि कामाचा आवाज उघडा पडतो. मग १९९२ चं ‘द अॅडम्स फॅमिली’, ज्याची २०,२७० मशीन बनली आणि ज्यात संवाद, संगीत व ठोके यांची इतकी दाटी आहे की दोन घराणी वेगळी ऐकू येतात की नाही ते लगेच कळतं. शेवटी ‘अर्थशेकर’. पातळ्या जुळवताना आधी कामाचे आवाज ठरवा आणि संगीत त्यांच्याखाली आणून बसवा. संगीत आधी लावलं की बॉलची घरघर त्याच्यात बुडते आणि मग ती वर काढायला सगळंच वाढवत जावं लागतं. पहिल्या प्रकरणासाठी हाताशी १८ मिलिमीटरचं प्लायवूड, टेप, पेन्सिल आणि एकच एक्सायटर असू द्या. फळीवर तो सरकवत सरकवत जागा कशी शोधायची, तिथूनच काम सुरू होतं.